फिन्स घ्यायला आलेले पाय

रबराचा कचरा रोज झाडून टाकता येतो, गिऱ्हाइकांचे किस्से कुठं टाकणार? साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात पोहताना पायात घालायच्या रबरी फिन्स बनायच्या. समुद्रात बुडी मारून मासे बघणाऱ्या हौशी लोकांसाठी. काउंटरवर मी. चौथी शिकलेय, पण पाय बघून माणूस ओळखते!

*

बोरिवलीची एक आई मिशीवाल्या मुलाला घेऊन आली. "दोन नंबर मोठ्या द्या. अजून वाढतोय तो!"

"अहो, शाळेचे बूट आहेत का? पाण्यात निघून जातील."

"पुढे कापूस कोंबू ना!"

मुलगा हळूच म्हणाला, "मावशी, मी बँकेत आहे."

*

अंधेरीच्या क्लबच्या सेक्रेटरींना सगळ्यात लांब, सगळ्यात कडक जोडी हवी. "आम्ही सिरियस लोक!"

त्यांना बाकावर पालथं झोपवलं, फिन्स चढवल्या. "मारा पन्नास लाथा."

विसाव्या लाथेला पोटरीत गोळा! मऊ, आखूड जोडी घेऊन गेले. खोक्यावर मात्र माझ्याकडून 'एक्स्ट्रा लाँग' लिहून घेतलं!

*

घाटकोपरचं एक जोडपं. नवरा म्हणे, "एकच जोडी द्या. डावी तिला, उजवी मला."

"एका फिनवर जागच्या जागी गोल फिराल!"

बायको म्हणाली, "लग्नापासून तेच चाललंय!"

*

आठ नंबरचा ढीग पडून होता. मालक म्हणाले, "इंदूबाई, दहावाल्यालाही आठच द्या. साबण लावला की जातो पाय."

मी दहावाल्या दोघा गिऱ्हाइकांना परत पाठवलं.

"आणखी एक परत गेला तर तुम्ही पुन्हा प्रेसवर!"

रबर साच्यात दाबायच्या त्या तापल्या प्रेसवर नऊ वर्षं काढलीत मी. हाताला डाग आहेत अजून. तरी तिसराही परत पाठवला. खोटं माप माझ्या हातून जायचं नाही!

*

मालक पेटले. त्यांचा स्वतःचा पाय दहाचा. मला मुलुंडच्या स्विमिंग पूलवर नेलं, क्लबवाल्यांसमोर साबण लावून आठ नंबर चढवला आणि झकास पोहले की! टाळ्या पडल्या. काठावरूनच मला ओरडले, "उद्यापासून प्रेस!"

सकाळी मी प्रेसवर उभी राहते तोच त्यांचा घरून फोन.

"इंदूबाई, रिक्षा करून या. मोठी कात्री आणा."

"मी प्रेसवर आहे ना, मालक?"

मग मालकीणबाईंनीच फोन ओढून घेतला.

"काउंटर तुमचाच, इंदूबाई! पण लवकर या हो, रात्रभर मला रबराच्या लाथा बसल्यात!"