एक, दोन, साडेमाडे…

जिंकणाऱ्या टीमकडे कप साठतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. बॉनमध्ये शिकताना मी विद्यापीठाच्या ज्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये होतो, तिच्याकडे किस्से फार! टीम काढणारा आमचा कॅप्टन योनास त्या वर्षी डिग्री संपवून जाणार होता, आणि तीन सीझनमध्ये आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो. "एक जिंकू दे, मग जातो," तो म्हणायचा.

*

टीम रजिस्टर करायची तर सात सभासदांच्या सह्या हव्या होत्या. योनासकडे सहाच. सातवी त्याच्या आजीने केली. फॉर्मवर 'पोझिशन' असा रकाना नव्हता, तरी तिने सहीखाली पेनने लिहिलं, 'बचाव'!

पुढे ती प्रत्येक मॅचला केक घेऊन यायची आणि रेफ्रीवर ओरडायची. खरं सांगतो, आमच्यात बचाव करणारी ती एकटीच.

*

मी आलो तो चुकून. जर्मनीत पायाने खेळतात तो फुसबाल. बोर्डवर इंग्रजीत 'फुटबॉल' लिहिलं असेल तर तो अमेरिकन, हे मला कोण सांगणार? मैदानावर लंबगोल चेंडू दिसला, घातली लाथ. चेंडू कुंपणापार! मी सॉरी म्हणेपर्यंत योनास ओरडला, "सुपर! किकर मिळाला!"

ना ट्रायल, ना मुलाखत. येईल तो आपला. टीम अशीच असावी, हे माझं आजही ठाम मत आहे.

*

आईला सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी एकदा प्रॅक्टिसहून आल्या आल्या स्काइप लावला, पॅड्स अंगावरच.

"अगंबाई, खांदे केवढे भरलेत! नीट जेवतोस वाटतं."

"आई, हे पॅड्स आहेत."

"असू देत. काढू नकोस, बाबांना बोलावते!"

*

माणसं कमी, म्हणून मला पुढच्या रेषेवरही उभं करायचे. आणि मला धीर नाही! बॉल हलायच्या आधी जो झेपावतो, त्याच्या टीमचे पाच यार्ड जातात. एका मॅचमध्ये मी चारदा झेपावलो.

योनास वैतागला. "तू आयुष्यात कुठल्या काउंटला थांबला आहेस का?"

थांबलो होतो. शाळेत, शर्यतीला. एक, दोन, साडेमाडे, तीन!

"साडेमाडे म्हणजे किती?"

"काहीच नाही."

"आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "दोन आणि तीनच्या मध्ये आहे, म्हणजे काहीतरी असणारच!" त्याने वहीत अडीच लिहून घेतलं.

त्या दिवसापासून तो जर्मन जिभेने "एक, दोन, झाडेमाडे, तीन" ओरडू लागला, आणि मी तीनपर्यंत थांबू लागलो.

*

योनासची शेवटची मॅच, फ्रँकफुर्टकडच्या एका टीमशी. एक मिनिट उरलेलं आणि, विश्वास ठेवा, आम्ही दोन पॉइंटांनी पुढे! फक्त बॉल आमच्याकडे राहायला चार यार्ड हवे होते, आणि संधी शेवटची.

योनासने सगळ्यांना कोंडाळ्यात घेतलं. "मी नुसता मोजणार. बॉल हलणार नाही. त्यांच्यातला एकजण जरी फसून पुढे आला, तरी पाच यार्ड आपले." मग माझ्याकडे पाहिलं. "तू श्वाससुद्धा घेऊ नकोस. प्लीज."

"एक!"

"दोन!" मी बोटं गवतात रुतवली.

"झाडेमाडे…"

समोरचे दहाजण पुतळ्यासारखे उभे. अकरावा, दाराएवढा, थेट माझ्या अंगावर!

शिट्टी. पाच यार्ड आमचे, म्हणजे मॅच आमची! योनास गुडघ्यांवर बसून रडायला लागला, आजी केकसकट मैदानात घुसली.

माझ्या अंगावरचा धिप्पाड गडी उठला, हेल्मेट काढलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला,

"च्यायला, शाळेतसुद्धा मी साडेमाडेलाच पळायचो!"