तारेवरची हिरवी वाकळ

शकुमावशीकडे लेकरू सांभाळायला ठेवायला गेलं की ती आधी लेकराच्या आईची जुनी साडी मागायची. सहा महिन्यांच्या मुक्ताला काखेत घेऊन मी गेले, तर माझ्याकडेही तेच मागणं. "वाकळ शिवते. आईचा वास असला की लेकरू झोपतं," म्हणाली. वडवणीत स्टँडच्या मागच्या बोळात तिच्या दोन खोल्या. त्यात चार लेकरं, चार वाकळा. पाचवं लेकरू ती घेतच नसे. "हात दोनच हायेत," एवढंच कारण सांगायची.

साडी घडी करून ठेवली की दुसरं वाक्य यायचं. "लेकरू काढायचं असलं तर महिनाभर आधी सांगायचं. न्हाई सांगितलं तर त्या महिन्याचे पैसे द्यायचे. मग वाकळ तुमची." मी शाळेवरची बाई, मला ते जरा झोंबलंच. मावशी म्हणायचं आणि वर नोटीस कसली? तसं बोलून दाखवलं, तर मुक्ताचं नाक पुसत म्हणाली, "सख्ख्या मावशीचे तरी काहून बुडवायचे, बाई?"

तिच्याकडे सरकारी कामांची कंत्राटं घेणाऱ्या गावातल्या एका बड्या गुत्तेदाराचा मुलगाही होता. त्याच्या आईने वाकळीसाठी हिरवी साडी दिलेली. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला होता, त्यात ती हीच साडी नेसून पोराला घेऊन उभी होती. सगळ्या वडवणीने तो महिनाभर पाहिला.

एका सोमवारी ते पोर आलं नाही. मंगळवारी कळलं, त्याला बीडच्या मोठ्या शाळेत नर्सरीला घातलं. साधा फोनसुद्धा नाही. आणि आदल्याच आठवड्यात मावशीने दवाखान्यातल्या सिस्टरच्या बाळाला जागा नाही म्हणून परत पाठवलेलं. ते बाळ आता दुसरीकडे जायला लागलं होतं. चौघांच्या पैशातून खोल्यांचं भाडं आणि किराणा, त्यातला एक वाटा गेला. दोनदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही. तेव्हा मावशीने ती हिरवी वाकळ धुतली आणि अंगणातल्या तारेवर वाळत घातली. ती काही काढली नाही.

बोळातून जाणारी प्रत्येक बाई थांबायची. "फ्लेक्सवरली साडी ना गं ही?" मावशी म्हणायची, "मी कुणाचं नाव घेतलंय का?"

आठव्या दिवशी गुत्तेदार स्वतः आला. मी मुक्ताला न्यायला आलेली, दारातच थबकले.

"मावशे, वाकळ खाली घे."

"महिन्याचे द्या अन् घेऊन जा."

"पोरगं आलंच न्हाई तर पैसे कसले?"

"पोरगं न्हाई आलं, पण त्याची जागा धरून बसले की मी. सिस्टरच्या लेकराला त्याच्यासाठीच न्हाई म्हणले."

"एक फोन केला ना, तर उद्या हे सगळं बंद होईल."

"करा. फोनबी करा अन् महिन्याचेबी द्या." हातातला भाताचा घास तिने एका लेकराच्या तोंडात घातला. "तार माझी हाय, अंगण माझं हाय, शिलाईबी माझीच हाय."

तो गाडी उडवत निघून गेला. मी आत आले. म्हटलं, "मावशी, सोडून दे. मोठ्यांच्या नादी कशाला लागतेस?"

तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. "तुमचा पगार मे महिन्याच्या सुट्टीतबी येतो, बाई. तो सोडता का कधी?"

मी मुक्ताला काखेत घेतलं आणि निघाले.

गुत्तेदाराच्या धाकाने दोघींनी आपली लेकरं काढली. पण दोघींनीही महिनाभर आधी सांगून काढली, हे मावशी पुढे लई कौतुकाने सांगायची. माझी बीडला बदली झाली तेव्हा हातात पंधराच दिवस होते. उरलेल्या पंधरा दिवसांचे तिने घेतलेच, आणि मुक्ताची वाकळ माझ्या हातात देऊन खोलीत जाऊन रडत बसली.

हिरवी वाकळ मात्र तारेवरच राहिली. दर अमावास्येला ती धुवायची आणि पुन्हा घालायची. पाच वर्षं.

मागच्या वर्षी मावशी गेली. दहाव्याला मी वडवणीला गेले. आम्ही बायका अंगणात बसलो होतो, तेवढ्यात गुत्तेदाराची बायको आली. गाडी नाही, सोबत कुणी नाही, डोक्यावर पदर. तिने तारेवरची वाकळ उतरवली. उन्हाने तिचा हिरवा रंग पार उडाला होता. घडी करून काखेत घेतली आणि कमरेची पिशवी सोडून मावशीच्या सुनेपुढे नोटा धरल्या. "घरी म्हाईत न्हाई," म्हणाली. "माझ्या भिशीचे हायेत."

सून अवघडली. "राहू द्या आता, वहिनी. त्याच राहिल्या न्हाईत, तर पैसे काय करायचे."

ती बाई नोटा तशाच धरून उभी. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शिकलेली बाई काय म्हणते.

"घे," मी सुनेला म्हटलं. "महिन्याचे आहेत. मोजून घे."