नवनाथची घागर

सिल्वासाच्या चर्चमागे जी जुनी गल्ली आहे ना, तिथे एप्रिल-मे महिन्यात दुपारची झोप मिळेल ही आशा सोडून द्या. आज ह्याची हळद, उद्या तिचा साखरपुडा, परवा कुणाचं जावळ. पुढे पोर्तुगिजांच्या काळातली बैठी कौलारू घरं, मागे भाड्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांत धुळ्या-नंदुरबारकडची माणसं, पोटासाठी इथल्या सुताच्या कारखान्यांत आलेली. गावी जायला सुट्टी मिळत नाही, म्हणून ह्यांनी गावच उचलून इथे आणलं. आणि गल्लीत कुठलंही कार्य निघालं की पहिला निरोप जायचा तो बायडाबाईला, कारण मांडे करावेत तर बायडाबाईनेच.

पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत फिरवत रुमालाएवढा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा, हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नाही. बायडाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेले होते. बाई ठेंगणी, पंचावन्नची, तोंडाने फटकळ. "ए भवाने, कणीक मळून राहिली का भिंत लिंपून राहिली?" असं नव्या नवरीलासुद्धा ऐकवायची. पण लग्नघरात शेवटचा माणूस जेवल्याशिवाय तिने कधी घास तोंडात घातला नाही. अख्ख्या गल्लीला वाढणारी बाई. घरात मात्र गेली चार वर्षं ती आणि तिचा नवरा बारकू, दोनच पानं.

ह्या वर्षी तेही एक पान कमी झालं होतं आणि आखाजी दहा दिवसांवर आली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुम्ही त्या दिवशी सोनं घेत असाल, खुशाल घ्या. खानदेशी माणसाच्या घरी त्या दिवशी लेकी माहेरी येतात, चिंचेला झोके बांधतात, आमरसाची पातेली भरतात. आणि घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या नावाने मातीची नवी घागर भरतात. घागरीवर खरबूज, सांजोरी, आंबा. घरच्या पोराने पूजा करायची, आणि मग बाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. तो जेवला की गेलेल्याला पोचलं. पुढे उन्हाळाभर त्याच घागरीतलं पाणी घरात प्यायचं.

बारकू भाद्रपदात गेला होता. त्याची ही पहिली घागर. ती भरायची मुलाने. मुलगा एकच, नवनाथ. आणि नवनाथची घागर बायडाबाईने स्वतःच्या हाताने चार वर्षांपूर्वी भरून टाकली होती. जित्या पोराची!

झालं होतं असं. नवनाथचं लग्न बायडाबाईने शिरपूरकडे भावाच्या मुलीशी ठरवलं होतं, सुपारी फुटली होती. आणि आखाजीच्या आदल्या दिवशी पोरगा दारात उभा राहिला तो दुर्गाला घेऊन. दुर्गा दुधनी गावची, वारली समाजाची, त्याच्याच कारखान्यात पॅकिंगला. गळ्यात मंगळसूत्र घालूनच आली होती. बायडाबाईने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. भावाला काय तोंड दाखवू, हे तिच्या डोक्यात असं काही बसलं की दुसऱ्या दिवशी बाजारातून कोरी घागर आणून तिने ती गल्लीच्या मधोमध मांडली, पाणी ओतलं, वर खरबूज ठेवलं आणि ओरडली, "ऐका रे समदे! माझा नवनाथ मेला! ही त्याची घागर!" झोक्यावरच्या पोरी गाणं म्हणता म्हणता गप्प झाल्या. पितर म्हणून पाटावर बसायला एकही माणूस पुढे आला नाही. कोण बसेल हो? नवनाथ कोपऱ्यावर उभा राहून सगळं बघत होता. मग तो गेला.

घागरीतलं पाणी बारकूने कडुलिंबाला ओतलं आणि घागर माळ्यावर उपडी टाकली. त्या घागरीचं पाणी त्या घरात कुणी ओठाला लावलं नाही.

एवढ्यावर थांबली असती तरी एकवेळ ठीक. पण बारकू गेला, त्या सकाळी शेजारी म्हणाले, नवनाथला फोन लावू. तेव्हा ही बाई म्हणाली, "कोनाले लावता? मले कोनी नाही." जिद्द, दुसरं काय! भिकाभाऊच्या पोराने, चेतनने, अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी नवनाथ गल्लीच्या तोंडाशी आला, बंद दाराकडे बघत उभा राहिला आणि परत फिरला. बायडाबाईने ते खिडकीतून पाहिलं होतं. पाहून हाक मारली नव्हती. ती न मारलेली हाक आता तिला रोज आठवायची.

भिकाभाऊ म्हणजे गल्लीतला जाणता माणूस, कुणाचं बारसं असो की बारावं, शब्द त्याचा. तो येऊन बसला. "बायडाक्का, घागर चेतन भरी देईल. अग्नी त्यानेच दिला."

"माझा पोरगा हाय ना जिता," बायडाबाई म्हणाली.

"तो? त्याची घागर तूच भरली, अक्का, साऱ्या गल्लीसमोर. मेलेल्याच्या हातची घागर बारकूले पोचेल का?"



दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने दुर्गाच्या गावी, दुधनीला गेली; नवनाथ तिथेच राहतो हे ती ऐकून होती. शहर मागे पडलं, कारखाने संपले, सागाची उघडी झाडं लागली, आणि वळणावर मधुबन धरणाचं पाणी दिसायला लागलं तसा तिने मांडीवरचा डबा सावरला. डब्यात मांडे घेतले होते. रिकाम्या हाताने जायची तिला सवय नव्हती, आणि बोलायचं काय हे तर ठाऊकच नव्हतं.

घर विचारत विचारत गेली. कुडाचं, सारवलेलं. अंगणात तीन वर्षांची एक मुलगी कोंबडीमागे पळत होती. बारकूचेच कान, तसेच बाहेर आलेले! बायडाबाई ओट्यावर टेकली.

दुर्गा बाहेर आली. ओळखलं तिने. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. चार वर्षांपूर्वी हिला आपण उन्हात उभी ठेवली होती, हे बायडाबाईला आठवलं आणि उचललेला तांब्या तिने परत खाली ठेवला.

"गुड्डी, ये इकडे. आजी आली," दुर्गा म्हणाली. पोरगी आली, डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मांडे!"

"हिले कसं ठावं?"

दुर्गाने मान खाली घातली. "बाबा आणायचे. महिन्यातून एक रविवार यायचे. तुमच्या हातचे मांडे खाऊनच मोठी झाली ही."

महिन्यातला एक रविवार! बारकू ओव्हरटाइमला जातो म्हणायचा आणि ही शहाणी डबा भरून द्यायची. वर म्हणायची, "दोन माणसाचं कसं काय खाता हो तुम्ही?" तो नुसता हसायचा. बायडाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नवरा असा गुपचूप चोरासारखा नातीला भेटत राहिला, कुणामुळे? आपल्यामुळे.

नवनाथ पाण्यावरून आला, खांद्यावर जाळं. आईला बघितलं आणि जाळं पसरून गाठी सोडवायला बसला. तिने सगळं सांगितलं. आखाजी, घागर, बारकूचं पहिलं वर्ष.

"भिकाभाऊंना विचारलंस?" त्याने वर न बघता म्हटलं. "मेलेला माणूस घागर भरतो का?"

"चुकलं माझं, नवनाथ. तोंड सुटलं होतं माझं त्या दिवशी."

"त्या दिवशी रागात होतीस, ते मी समजलो. पण बाबा गेले तेव्हा? तेव्हा तर राग नव्हता. मला तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस." त्याचा आवाज फाटला. गुड्डी घाबरून आईला बिलगली. "जा. बस चुकेल."

बायडाबाई उठली. डबा ओट्यावरच राहिला.

आखाजीचा दिवस उजाडला. चिंचेला झोके लागले, माहेरवाशिणींच्या हसण्याने गल्ली भरून गेली, दारोदार आंब्याच्या साली आणि माश्या. बायडाबाईने पहाटेपासून मांडे केले, पुरणाच्या कटाची रशी केली, कुरडया तळल्या. कोऱ्या घागरीत पाणी भरून ठेवलं, पण पूजा होईना. भिकाभाऊ पितर म्हणून बसायला आला होता, सोबत चेतन. अकरा वाजले. साडेअकरा.

"अक्का, बारा वाजायच्या आत व्हावं. बारकू किती वेळ उपाशी राहील?"

"थांब ना भाऊ. जरा थांब."

"कोनासाठी?"

तिने दाराबाहेर बघितलं. नुसतं ऊन होतं. शेवटी चेतन हात धुऊन घागरीसमोर बसला. त्याने कुंकवाकडे हात नेला आणि तेवढ्यात दारात सावली पडली.

नवनाथ होता. धुवट पांढरा सदरा, एकटाच. चेतनच्या खांद्यावर हात ठेवला, चेतन आपसूक बाजूला झाला. नवनाथने बापाच्या घागरीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, खरबूज नीट बसवलं, डोकं टेकवलं. टेकवलेलं डोकं बराच वेळ वर आलं नाही. भिकाभाऊने बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्या पोराची पाठ हलताना बघून त्याने ते मिटलं. जाणता माणूस होता, उगाच नाही.

मग भिकाभाऊ पितर म्हणून पाटावर बसला. बायडाबाईने पान मांडलं. आणि नवनाथने कोपऱ्यातला दुसरा पाट ओढला, भिकाभाऊच्या शेजारी मांडला आणि त्याच्यावर मांडी घालून बसला.

"अरे, घरच्याने नाही बसायचं पितराच्या पंगतीला," भिकाभाऊ म्हणाला.

"मी घरचा कुठाय? माझी घागर भरली होती, पान कुणी वाढलं नाही. चार वर्षं झाली. वाढा."

पोटच्या पोराला पितर म्हणून वाढायचं? पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं तिला! तिने वाढलं. मांडा, वर तुपाची धार, आमरसाची वाटी. त्याने खाल्लं, सगळं, मान खाली घालून. ती वाढत राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

जेवून तो उठला, हात धुतले, चपला घातल्या.

"परत कधी येशील रे?" तिने कसंबसं विचारलं.

"पितर वर्षातून एकदा येतात," नवनाथ म्हणाला आणि चालायला लागला.

बायडाबाई तिथेच खांबाला धरून उभी राहिली. पोरगा कडुलिंबापाशी पोचला, चिंचेपाशी पोचला. मग तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. आत धावली, शिडी नव्हती तर पेटीवर चढली, माळ्यावरची ती उपडी घागर काढली. भिकाभाऊला वाटलं आता ही फोडते. "अक्का, फोडू नको! घागर मसणात फोडतात!"

"मी काय येडी हाय का फोडायले?"

तिने चार वर्षांची धूळ पदरानेच पुसली, नळाखाली घागर विसळली, काठोकाठ भरली आणि कमरेवर घेऊन गल्लीच्या मधोमध आली, बरोबर त्याच जागी. पदर भिजला होता, डोक्यावरून घसरला होता. झोके थांबले.

"ऐका रे समदे!" ती ओरडली. "माझा नवनाथ जिता हाय! मी खोटी घागर भरली होती! हे प्यायचं पाणी हाय, माझ्या घरचं!" आणि घागर कलती करून ती तिथेच घोटभर पाणी प्यायली. मग चिंचेकडे तोंड करून, आठ महिन्यांपूर्वी न मारलेली हाक मारली, "नवनाथ! उन्हाचा चालला, पाणी पिऊन जाय रे!"

तो थांबला. एक माहेरवाशीण तर झोक्यावरून उतरून रडायला लागली होती. नवनाथ हळूहळू परत आला. आईने घागर वाकडी केली, त्याने ओंजळ धरली आणि प्यायला. भरपूर प्यायला. तोंड पुसून त्याने घागरीला खालून हात लावून पाहिला. मातीतून पाणी पाझरत होतं, थेंब थेंब, बायडाबाईच्या पायावर.

"गळते ही, माय," तो म्हणाला.

"गळू दे," बायडाबाई म्हणाली. "चार वर्स कोरडी पडली होती. दोन-चार दिवस भरलेली ठेवली का पाणी धरते. तू गुड्डीले घेऊन येशील तोवर धरेल."

नवनाथने हो म्हटलं नाही. पण घागर तिच्या कमरेवरून आपल्या खांद्यावर घेतली आणि घराकडे वळला.