राक्षसाची टोपी

वालूरच्या शाळेत मी मास्तर होतो. जत्रेत राक्षसाचं सोंग घेणारा एक मेंढपाळ तिथं होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला राक्षसच म्हणत. तोंडाला काजळ, काळ्या लोकरीची दाढी आणि नाचताना मान किंचित तिरपी. तो दारोदार नाचत जायचा आणि पोरं किंचाळत पळायची.

निजामाचं राज्य गेलं, त्या साली पंचांनी दाढी काढायला लावली आणि त्याच्या डोक्यावर जुन्या अमलातल्या जुलमी शिपायांची टोपी चढवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. सोंग म्हाताऱ्या मुसलमान पिंजाऱ्याच्या दारी आलं, तेव्हा आतून कडी लागली. ते शिपाई मुसलमान, म्हणून त्या टोपीचा रोख आता त्याच्यावर होता; पण त्यांचा जाच त्यानंही सोसला होता. राक्षस नाचायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी तो शिवारात भेटला. बराच वेळ मेंढीच्या लोकरीतले काटे काढत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, राक्षसाला समद्यांनी भ्यावं लागतंय. काल एकच घर भ्यालं."

पुढच्या जत्रेला पंच पुन्हा टोपी घेऊन आले.

"मी न्हाई घालणार," तो म्हणाला. "दुसरा राक्षस बघा."

दुसरा कुणी तयार झाला नाही. तो दाढी लावून निघाला आणि पिंजाऱ्याच्या बंद दारापुढं नाचत राहिला. ढोल वाजवणारा दमला, तरी हा हलेना. शेवटी कडी निघाली. म्हाताऱ्याची नात डोकावली, त्याला बघून किंचाळली आणि आजोबाच्या पाठीमागं दडली. म्हातारा तिला थोपटत हसला.

मग राक्षस पुढच्या दारी गेला.