सासऱ्यांचं पेन आणि शंभर टक्के खात्रीचा व्हिडिओ

मंडळी, डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

आमच्यात लग्नाची पहिली पत्रिका गावच्या देवाला ठेवतात. तिच्यावर देवाचं नाव माझ्या सासऱ्यांच्या शाईपेनाने लिहायचं, ही घरची रीत. मोठीच्या लग्नात तसंच केलं. आज धाकटीसाठी पेन काढलं, तर टोपण घट्ट बसलेलं, फिरेचना.

मोबाईलवर एकाचा व्हिडिओ मिळाला. "कढत पाण्यात बुडवा, शंभर टक्के खात्री." खाली सगळे वाहवा करत होते. मी न्हाणीतल्या हंड्यातलं पाणी काढलं आणि बुडवलं. टोपण सुटलं खरं, पण काळंभोर पेन शेणासारखं हिरवट होऊन बाहेर आलं.

आमचे हे म्हणाले, "बाबांचा पेन ह्या, गो. माका तरी इचारूचा व्हता."

मी रागाने त्या व्हिडिओवाल्याला लिहिलं, "तू अशी किती पेनं उघडलीस?" उत्तर आलं, "मी स्वतः नाही केलं ताई, दुसऱ्याच्या व्हिडिओत बघितलं."

मग खात्री कसली देतस मेल्या?

खूप खाली एका बाईने लिहिलं होतं, "जुन्या काळ्या पेनाला गरम पाणी लावू नका, माझं खराब झालं." तिला कोणी लाईकसुद्धा दिलं नव्हतं. मीही आधी तिथवर वाचलं नव्हतं.

पेन लिहितं अजून, पण हे त्याला हात लावत नाहीत.

त्याचा काळा रंग परत आणता येतो का? स्वतःच्या हाताने केलं असेल त्यानेच सांगा. आणि करताना काय बिघडलं, ते आधी सांगा.