इंदुताईंचं कोहळं

साकेतने इंदुताईंचं कोहळं खिचडीत घालून अख्ख्या शाळेला खाऊ घातलं, तेव्हा त्याला रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. अजाणता घडलं, हे खरं. पण अजाणता चुलीवर चढवलेलंही शिजतंच, आणि त्या दिवशी खिचडी झकास शिजली होती.

झालं असं. बोरी अरबच्या त्या शाळेत उत्तरेला मोठ्या खिडक्या असलेली खोली एकच, आणि ती चित्रकलेची. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीने शाळेला रोबोटिक्सचे खोके दान दिले होते. ते उघडून पोरांना शिकवायला साकेत तासिका तत्त्वावर यवतमाळहून यायचा. मुख्याध्यापक रूपसिंग सरांनी त्याच्या हाती चाबी दिली आणि म्हणाले, "ड्रॉइंगची खोली मोजून घ्या. तिथंच लॅब करू. ताईंना मी सांगतो."

सांगितलं नव्हतं. रूपसिंग सरांची निम्मी कामं 'सांगतो'पाशी थांबलेली असत.

साकेत टेप घेऊन गेला तेव्हा छोटी सुटी होती. खोलीत चिटपाखरू नाही. मधल्या टेबलावर निळी चादर, तिच्यावर पितळी गडवा, दोन वांगी आणि एका अंगाने दबलेलं कोहळं. साकेतला वाटलं, कुणा पालकाने पोषण आहारासाठी भाजी आणून ठेवली असेल. त्याने मोठ्या सज्जनपणे ती उचलून स्वयंपाक करणाऱ्या धुरपताबाईंना नेऊन दिली. चादरीची घडी घातली. टेबलावर मोटारी आणि वायरी मांडल्या.

घंटा झाली. पोरं आली, उलटे ठेवलेले कागद सुलटे करून बसली. ग्रेड परीक्षेचा सराव चालला होता, विषय स्थिरचित्र. कागदावर अर्धं कोहळं होतं, आणि समोर मोटार.

इंदुताई दारात उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली बाई, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, पदराच्या टोकाला कायम कुठलातरी रंग. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग साकेतकडे, आणि अगदी हळू विचारलं, "माहं कोहयं कुठी आहे?"

साकेतने सांगितलं. ताई तडक स्वयंपाकघरात गेल्या. धुरपताबाई पळी हलवत होत्या.

"मले सरनं देलं, त म्या चिरलं," त्या म्हणाल्या. "मले काय मालूम फोटो काढाचं कोहयं होतं ते?"

"चव पाहा आता त्याची," ताई साकेतकडे वळून म्हणाल्या. "उमरखेडहून आणलं होतं भावाच्या वावरातून. सात कोहयी पाह्यली तवा ते एक भेटलं. दबलेल्या बाजूले सावली कशी पडे, तुमाले काय समजन."

"ताई, मी दुसरं आणून देतो ना."

"तसंच आणजा."

त्या दिवसापासून साकेतचं शाळेतलं नाव 'कोहळेवाले सर' पडलं. आधी ताईंच्या तोंडी, मग पोरांच्या, आणि आठवड्याभरात चहाच्या टपरीवर.

एक सांगायला हवं. वर्गातल्या एका पोराने तसाच पुढे कागद भरला होता: डावीकडे कोहळं, उजवीकडे मोटार, मध्ये लाल वायर. साकेतला वाटलं, आता या पोराचं काही खरं नाही. ताईंनी त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. "पाहून काढलं ना त्यानं? समोर जे होतं ते काढलं. बाकीचे आठवत बसले."

ताईंचं सगळं शिक्षण या एका वाक्यात यायचं: आठवून नको, पाहून काढ. कुणी गोलमटोल आंबा काढला की त्या विचारत, "कोणत्या झाडाचा?" आणि लगेच म्हणत, "जाय. झाड पाहून ये." पोरगं खरंच वावरात जाऊन यायचं. वडिलांनी ताईंना यवतमाळला मामाकडे ठेवून चित्रकलेची पदविका करू दिली ती 'एवढं करून तरी गप्प बसंन' या आशेवर, आणि ती आशा फोल ठरली. शाळेला मात्र त्यांच्या चित्रकलेशी फारसं कर्तव्य नव्हतं. पाहुणा आला की रांगोळी ताईंची. सुस्वागतमचा फळा, निरोप समारंभाचा पडदा, गणपतीची आरास, सारं ताईंचं. पाहुणा गेला की ताई पुन्हा 'ड्रॉइंगच्या बाई'. त्या निवृत्त झाल्या की ती जागा भरायची नाही, हे संस्थेत सर्वांना ठाऊक होतं. त्यांच्यापुरती ती खोली तेवढी उरली होती.

आणि ती खोलीच आता जायची होती. जिल्ह्याहून साहेब येणार, लॅबचं प्रात्यक्षिक पाहणार, त्यांना पसंत पडलं की खोली लॅबची. चित्रकला सायकल स्टँडजवळच्या व्हरांड्यात. रूपसिंग सरांनी हे ताईंना शेवटी सांगितलं, तेही जिन्यात, दोन पायऱ्या वर उभं राहून.

"व्हरांड्यात उजेड सारखा हालते," ताई म्हणाल्या. "सावली धरता येत नाही."

"ताई, जग कुठे चाललं पाहा. पोरांना टेक्नॉलॉजी पाहिजे."

"मंग मी काय त्याईले भजन शिकवून राह्यली?"

सर उरलेल्या पायऱ्या भरभर चढून गेले.

साकेतची अडचण वेगळी होती. खोली मिळत होती, यंत्र चालत नव्हतं. त्याने ठरवलं होतं कापूस वेचणारा यांत्रिक हात. कल्पना जोरदार. किटमध्ये चिमट्यासारखा पंजा होता, तो त्याने बसवला, बादलीत कपाशीच्या पऱ्हाट्या रोवल्या आणि बटण दाबलं. पंजा सरळ गेला, बोंड आवळलं, आणि कापूस, वाळला पालापाचोळा, देठ, सगळ्यासकट फांदी ओढून घेतली. बादली आडवी.

"सर, हे वेचून नाही राह्यलं," मागून एक पोरगी म्हणाली. "उपटून राह्यलं."

वर्ग हसला. साकेतने प्रोग्राम बदलला, वेग कमी केला, दाब कमी केला. आता पंजा बोंडाला नुसता गोंजारायचा. ताई दारावरून जाता जाता थांबल्या. "सरनं कापूस उशीतच पाह्यला वाटते," असं हवेला सांगून पुढे गेल्या.

यातलं वाईट हे की ते खरं होतं. साकेतचे वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. कापसाच्या जिल्ह्यात जन्मून त्याने कापूस गाडीवर पाहिला होता, जिनिंगच्या ढिगात पाहिला होता. झाडावरून तो हातात कसा येतो, हे पाहायला तो कधी थांबला नव्हता. आणि तो किटमधला पंजा ज्याने बनवला, त्याने पऱ्हाटी बापजन्मी पाहिली नसावी.

त्या महिन्यात ताईंनी नववीला हात काढायला दिले होते. धुरपताबाईंना खिडकीशी बसवलं, समोर बोंडांची फांदी धरून. "कापूस येच ना, थांबून कायले राह्यली?" ताई म्हणत. "माह्या हातात कळ आली न बाई," धुरपताबाई म्हणत, "आन् वरण उतू जाऊन राह्यलं तिकडं." शेवटी चित्रं झाली आणि व्हरांड्यातल्या दोरीवर चिमट्यांनी टांगली गेली.

साकेत त्यांच्या खालून रोज जायचा. एक दिवस थांबला. वर्गभराचे हात, प्रत्येक वेगळ्या बाजूने. काही बोटं भेंडीसारखी, काही हाडकुळी. पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी: अंगठा बोंडाबाहेर, आणि तीन बोटांची फक्त टोकं आत, प्रत्येक टोक निराळं वाकलेलं. आवळणं कुठेच नव्हतं. अपवाद एकच: कोपऱ्यातून पाहणाऱ्या पोराला अंगठा दिसला नव्हता, तर त्याने काढलाच नव्हता. त्यामुळे बोटांचा बाक उघडा पडला होता.

साकेतने आजूबाजूला पाहिलं आणि मोबाईलवर फोटो काढले. सगळ्यांचे. विचारलं असतं तर ताईंनी दिले नसते, असं त्याने स्वतःला समजावलं. विचारून पाहिलं नाही.

जुन्या छत्रीच्या काड्या वाकवून त्याने तीन बोटं केली, टोकांना सायकलच्या ट्यूबचं रबर. बोटं आत गेली, किंचित फिरली, आणि कापूस सुटून आला. पालापाचोळा झाडावरच. दर वेळी नाही, पण बऱ्याच वेळा. 'उपटून राह्यलं' म्हणणाऱ्या पोरीने दुसरी फांदी पंजापुढे सरकवली. साकेतने तेच प्रशस्तिपत्र मानलं.

साहेब आले त्या सकाळी ताईंना नेहमीप्रमाणे रांगोळी काढायला बोलावलं होतं. त्यांनी काढली. आपल्याच खोलीच्या उंबरठ्यावर, आपल्याला बाहेर काढायला येणाऱ्या माणसासाठी. मग हाताची पांढरी पूड न झटकता त्या मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

यंत्राने तीन बोंडं साफ वेचली. साहेब खाली वाकले. "ही बोटं किटमधली नाहीत."

"नाही सर. मी स्वतः डिझाइन केली."

हे वाक्य साकेतने बसमध्ये घोकलं होतं. ते बिनचूक बाहेर पडलं.

"कशावरून सुचलं?"

"निरीक्षणावरून, सर."

"कोनाच्या?" मागून आवाज आला. ताई पुढे आल्या. "साहेब, चोरी आहे ही. माह्या पोराईच्या चित्राईवरून उचलली. दोरीवर टांगली होती, इचारलं बी नाही. याच्या आंधी यानं माहं कोहयं खाल्लं."

रूपसिंग सर घामाने ओले झाले. साहेबांना कोहळ्याचं काही उमगलं नाही, पण त्यांनी चित्रं मागवली. तो अंगठा नसलेला कागद यंत्राशेजारी धरला. छत्रीची काडी आणि पेन्सिलीची रेघ, बाक तोच.

"वा," साहेब म्हणाले. "कला आणि विज्ञान हातात हात घालून. आम्ही नुसती परिपत्रकं काढतो, तुम्ही करून दाखवलं."

रूपसिंग सरांच्या जिवात जीव आला. "सर, आमचा वर्षभर प्रकल्पच चालू आहे तो. समन्वय प्रकल्प."

"कोणता समन्वय?" ताई म्हणाल्या. "म्या चोरी म्हनलं."

साहेब मनापासून हसले. बाई विनोदी आहेत, असं त्यांनी जाताना रूपसिंग सरांना सांगितलं. चित्रकला हलवायची नाही, दोघांनी तिथेच शिकवायचं, असंही सांगितलं.

म्हणजे ताईंची खोली वाचली ती साकेतच्या चोरीमुळे, आणि साकेतचं यंत्र वाचलं ते ताईंच्या पोरांमुळे. दोघांनाही ही गोष्ट अजून पचलेली नाही.

खोलीच्या मधोमध आता लोखंडी कपाट आहे, ती सीमा. खिडक्या ताईंकडे. साकेतला वायरीच्या जोडाला बारीक डाग द्यायचा असला की उजेडासाठी खिडकी उघडायला विचारावं लागतं, आणि ताईंना विचारणं म्हणजे आधी दोन टोमणे खाणं. दाराबाहेर 'कला-विज्ञान कक्ष' अशी पाटी आहे. ती रंगवायला ताईंनी नकार दिला म्हणून साकेतने रंगवली. अक्षरं उजवीकडे उतरत गेली आहेत. रूपसिंग सर ती बदलणार होते, ताईंनी बदलू दिली नाही. "राहू द्या. येनाऱ्याजानाऱ्याले समजू द्या, सरले रेघ येत नाही." पोरं मात्र कपाटाला वळसा घालून दोन्हीकडे जातात. इकडे वाकडी बोटं काढतात, तिकडे ती वाकवतात. सीमा कुठे आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कोहळ्याचं मिटलेलं नाही. त्या दिवसाचे अर्धवट कागद ताईंनी कपाटात जपून ठेवलेत, तसंच कोहळं समोर आल्याशिवाय पुरे करायचे नाहीत म्हणून. साकेतने एक आणलं. "हा चेंडू आहे," ताई म्हणाल्या. दुसरं आणलं. ते दोन्हीकडून दबलेलं पाहून म्हणाल्या, "याच्यावर कोनी बसलं होतं काय?" दोन्ही धुरपताबाईंकडे गेली.

परवाच्या बाजारात साकेत कोहळ्यांच्या ढिगाशी उकिडवा बसला होता. एकेक उचलायचा, उन्हाकडे तिरपं धरायचा, फिरवायचा, ठेवून द्यायचा. विकणारी बाई बराच वेळ पाहत राहिली.

"खायले पाह्यजे का पाहायले?"

"पाहायले," साकेत म्हणाला, आणि हातातलंही ठेवून दिलं. दबलेलं होतं, पण सावली पसरट पडत होती.

सोमवारी ताईंनी कपाटापलीकडून विचारलं, "आणलं?"

"नाही. तसं भेटलं नाही."

"मंग खिडकी बंद राहीन."