नवी शिवण

माझी वहिनी दिवसाकाठी पंधरा-वीस माणसं बारीक करायची. म्हणजे त्यांचे कपडे. आमचं दुकान अल्टरेशनचं. नवीन काही शिवायचं नाही, आहे तेच आत घ्यायचं नाहीतर बाहेर सोडायचं. वहिनी मशीनवर आणि मी तिच्या मागच्या स्टुलावर, काज-बटणं आणि हातशिलाई करत. दुकान इतकं अरुंद की ती उठली की मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. मग ती म्हणायची, "वन्सं, श्वास आत घ्या, गाडी निघाली." एकशे सव्वीस किलोची बाई, पण स्वतःवर तिच्याइतके विनोद कुणी केले नसतील. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान, तरी मला वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची. मानासाठी नव्हे, चिडवायला. ती 'तू' म्हणाली की समजायचं, आता विषय गमतीचा नाही.

नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा माझ्या भावानं तीन दिवस माझ्याशी शब्द काढला नव्हता. दादा बस डेपोत मेकॅनिक आहे. इंजिनातला बिघाड त्याला आवाजावरून कळतो, माणसातला सांगूनही कळत नाही. चौथ्या दिवशी वहिनी मला दुकानात घेऊन गेली आणि हातात सुई दिली. "तोंड तर चालतंच तुमचं, आता हात चालवा," म्हणाली. त्याला नऊ वर्षं झाली. दादाच्या घरात मी टिकले ती तिच्यामुळे, हे मला माहीत होतं आणि दादालाही माहीत होतं.

दुपारी जेवण झालं की ती मशीनवर डोकं टेकून दहा मिनिटं पडायची. तिचं घोरणं रस्त्यावर ऐकू जायचं. गिऱ्हाइकं हसायची, मीही हसायचे. एके दिवशी ते घोरणं मध्येच थांबलं. माझा हात काजावर थांबला. मी मनात आकडे मोजले. पंधरा, सोळा, सतरा. मग तिच्या घशातून असा आवाज आला, जणू कुणी तिला पाण्यातून वर ओढलं. डोळे उघडून मलाच विचारते, "काय बघताय?" त्या दिवसापासून मी रोज मोजायला लागले. दोन महिन्यांत आकडा तिसाच्या पुढे गेला. हसणं केव्हाच बंद झालं होतं.

पथ्यं सगळी करून झाली होती. अकरा किलो घालवून तिनं पंधरा परत मिळवले होते. शेवटी मीच तिला ओढत मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. शुगर वाढलेली, छातीत जळजळ, झोपेत श्वास थांबणारा. "एक दिवस थांबेल आणि पुन्हा सुरू होणार नाही," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करा, आणि याच वर्षात करा."

त्यांनी कागदावर पोटाची तीन चित्रं काढली. वहिनीनं कागद आपल्याकडे फिरवून घेतला, जसा कपड्याचा कागदी साचा बघायची तसा.

"हा पट्टा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटाच्या वरच्या टोकाला बसवायचा. घट्ट-सैल करता येतो."

"म्हणजे इलास्टिक," वहिनी म्हणाली. "इलास्टिकवाली गिऱ्हाइकं परत येतातच, बाई."

डॉक्टरीणबाई हसल्या. "खरंय. याला वरचेवर तपासायला यावं लागतं, आणि पुष्कळांचा तो नंतर काढावाही लागतो. दुसरं हे, स्लीव्ह. पोटाचा मोठा भाग उभा कापून काढून टाकायचा. उरलेल्याची अशी नळी राहते."

"बाही. माझं अर्धं आयुष्य बाह्यांत गेलंय."

"कापलेलं परत जोडता येत नाही हं. आणि तुमची जळजळ यानं वाढू शकते. म्हणून मी म्हणेन, हे तिसरं. बायपास. पोटाचा लहान कप्पा करून तो खाली आतड्याला जोडायचा. शुगरलाही हेच चांगलं."

वहिनीनं तिन्हींच्या किमती विचारल्या आणि कागदाची घडी घालून ब्लाउजच्या आत ठेवली. आमच्याकडे नव्या मशीनसाठी बाजूला टाकलेली रक्कम होती, तेवढीच. बायपास तिच्या दुप्पट. तिथली बाहीसुद्धा हाताबाहेरची. दादा म्हणाला, कर्ज काढू. वहिनी म्हणाली, "कर्जाच्या कापडाला मी कात्री लावत नाही." हा विषय त्यानं आठवडाभर रोज काढला आणि तिनं आठवडाभर रोज तेच वाक्य ऐकवलं.

मग पँटची उंची कमी करायला आलेल्या कुणीतरी डेपोच्या मागच्या रस्त्यावरच्या छोट्या हॉस्पिटलाचं पत्रक दिलं. तिथे पट्टा नाही, बायपास नाही, फक्त बाही. एकच रक्कम, त्यात सगळं आलं, आणि ती रक्कम आमच्या रकमेत बरोबर बसत होती. इतकी बरोबर की मला भीतीच वाटली. मी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ऑपरेशननंतर पुन्हा भरती करावं लागल्यास खर्च वेगळा. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तर आपणही पैसे घेतोच की," वहिनी म्हणाली.

"वहिनी, पोट आहे ते. पँट नाही."

"पोट कुणाचं?"

"तुझं."

"मग माप मी देणार." आणि ती परत टीप मारायला लागली. दादाचं आणि माझं आयुष्यात एकमत झालं असेल ते एवढ्या एकाच गोष्टीत, की हिनं तिथं जाऊ नये. पण त्या बाईपुढे आमचं दोघांचं काय चालणार होतं? आणि रोज दुपारी आकडा वाढत होता. चाळीसपर्यंत मोजल्यावर मीही विरोध सोडला. आहे त्यातलं काहीतरी एक करायलाच हवं होतं.

तिथला डॉक्टर वाईट नव्हता, हे सांगायला हवं. पोरगेला, पण नीट बोलणारा. ऑपरेशन दोन तासांत झालं. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना त्यानं छापलेला कागद माझ्या हातात दिला आणि त्यावर बोट ठेवून वाचून दाखवला. ताप आला, छाती धडधडली, डावा खांदा दुखला, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं. न कळल्याचा बहाणा मला कधीच करता येणार नाही.

पहिले दोन दिवस मजेत गेले. वहिनी पलंगावर राणीसारखी बसून घोटाघोटानं पाणी प्यायची आणि मला हुकूम सोडायची. शनिवारी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती म्हणाली, "डावा खांदा ओढतोय."

आता आमच्या दुकानाचं एक वाक्य सांगते. कुणी तक्रार घेऊन आलं, की काखेत काचतंय, पाठीत ओढतंय, तर आम्ही दोघी एका सुरात सांगायचो, "नवी शिवण आहे, ओढणारच. दोन धुण्यांत बसेल." निम्म्या वेळा ते खरं असायचं. उरलेल्या वेळी शिवण चुकलेली असायची, ते आम्हाला बघताक्षणी कळायचं, पण माणूस निघून जायचा आणि बहुतेक करून परत यायचा नाही. काम तुंबलेलं असलं की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

तेच मी तिला म्हणाले. "नवी शिवण आहे, ओढणारच."

"दोन धुण्यांत बसेल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी खूप हसलो. हसताना तिनं पोट धरलं. तेही मी पाहिलं.

रविवारी मी तिचं मनगट धरलं तर नाडी मशीनला पाय दाबून धरल्यासारखी पळत होती. मी उठले. तिनं माझा पदर पकडला.

"दादाला सांगशील तर याद राख. तो कर्ज काढेल, आणि ते फेडता फेडता म्हातारा होईल. दोन दिवस थांब. तू कुणाला काही बोलणार नाहीस."

'तू' म्हणाली होती. मी खाली बसले.

सोमवारी सकाळी ती न्हाणीघरात असताना तिचा फोन वाजला. हॉस्पिटलातली नर्स होती. गोड बोलत होती, पण घाईत. "पेशंट कशा आहेत? ताप? धडधड? खांदा वगैरे दुखतोय का?" तिन्हींची नावं तिनं ओळीनं घेतली, कागदावर होती तशीच. मला एक 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला. मी म्हणाले, "नाही, त्रास काही नाही. थोडं ओढतं, पण नवी शिवण आहे, बसेल दोन दिवसांत." नर्सला ते आवडलं. ती हसली, "छान बोलता तुम्ही," म्हणाली आणि फोन ठेवला. वहिनी बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं. तिनं माझ्या गालाला हात लावला. हात तापलेला होता.

मंगळवारी तिनं पाणीही नको म्हटलं. दादाला सांगितलं, जरा झोप येतेय. बुधवारी सकाळी तिच्यानं डावा हात उचलवेना, ओठ पांढरे पडले होते, आणि मी विचारलेल्याला ती भलतंच उत्तर देत होती. मग मी ओरडले. दादा डेपोतून तसाच, हाताला ग्रीस लागलेला, गाडी घेऊन आला.

हॉस्पिटलात दादाला त्यांनी खिडकीवर फॉर्म भरायला थांबवलं. आत मी आणि ती. डॉक्टरनं पोटाला नुसतं बोट लावलं तर ती कळवळली. डॉक्टरचा चेहरा उतरला.

"खांदा कधीपासून दुखतोय?"

मी बोलणार, त्याआधी तीच म्हणाली, "शनिवारपासून." तेवढ्यापुरती ती पूर्ण शुद्धीवर होती.

"शनिवारपासून?" त्यानं तिचे कागद उलटले. "पण सोमवारी आमच्या नर्सनं फोन केला होता. इथे लिहिलंय, घरच्यांनी सांगितलं, त्रास नाही. कुणी सांगितलं?"

मी त्याच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. खोटं बोलायचं होतं म्हणून नाही. खरं बोलायला तोंडच उघडेना.

"मीच," वहिनी म्हणाली.

"इथे 'घरच्यांनी' असं लिहिलंय."

"मीच बोलले. आवाज बसला होता माझा. त्या मुलीला वाटलं असेल, दुसरं कुणी आहे."

डॉक्टरनं कागद बाजूला ठेवला. आतली शिवण एका जागी सुटली होती, तो म्हणाला, पुन्हा उघडावं लागेल. "शनिवारी आला असतात तर," एवढं म्हणून तो माणसं बोलवायला गेला. मी तिच्यावर वाकले. वहिनी, मी सांगते त्यांना, मी सांगते दादाला, असं काहीतरी मी बडबडत होते.

"गप्प बस," ती म्हणाली. "तुला त्याच घरात राहायचंय."

तिला आत नेलं. दुसरं ऑपरेशन झालं, मग तिसरं, मोठ्या हॉस्पिटलात. दादानं कर्ज काढलं, ती ज्याला घाबरत होती त्याच्या तिप्पट. नवव्या दिवशी ती गेली.

आता घरात मी आणि दादा. भेटायला माणसं येतात आणि दादा प्रत्येकाला डॉक्टरकडून कळलेलं तेच सांगतो. नर्सनं स्वतः फोन करून विचारलं होतं हो, हिनं खोटं सांगितलं, चार पैसे वाचवायला. सांगता सांगता त्याला संताप येतो. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला तो चारचौघांत मूर्ख म्हणतो, लबाड म्हणतो, आणि मग लहान मुलासारखा रडतो. मी दारात उभी असते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पुढे होऊन म्हणाले, "दादा, तिला बोलू नकोस. तो फोन..." त्यानं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. नऊ वर्षांत त्यानं मला जवळ घेतलं ते तेव्हा. "तू कशाला वाईट वाटून घेतेस," म्हणाला, "तू तर तिचं सगळं केलंस." मी तशीच त्याच्या खांद्यावर डोकं टेकून राहिले. परवा पुन्हा कुणीतरी आलं होतं, आणि परवाही तो तिला लबाड म्हणाला, आणि मी चहा ठेवायला आत गेले.